मुलांचं "मुरगळलंय" म्हणण्याआधी : क्रीडाशिक्षक, प्रशिक्षक आणि तालमीतल्या वस्तादांना खुलं पत्र

आदरणीय सर, मॅडम आणि वस्ताद,

शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की सोमवारी सकाळी माझ्या दवाखान्याबाहेरचा बाक मुलांनी भरून जातो. कुणाच्या अंगात अजून पाठीवर नंबर असलेली जर्सी असते, कुणाच्या घोट्यावर आंबेहळदीचा लेप वाळून त्याचे पापुद्रे सुटत असतात. सोबत आई असते, आजोबा असतात आणि पुष्कळदा तुमच्यापैकीच कुणीतरी असतं. रविवार मैदानावर घालवून, सोमवारचा पहिला तास दुसऱ्या कुणाला घ्यायला सांगून, मुलाला स्वतःच्या मोटारसायकलवरून घेऊन आलेलं. मी विचारतो, काय झालं? उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. "काही नाही डॉक्टर, मुरगळलंय नुसतं."

त्या एका शब्दाबद्दल हे पत्र आहे. ठपका ठेवायला मी लिहीत नाही. या भागात बावीस वर्षं मी हाडांचा दवाखाना चालवतोय. कसलीही सोय नसताना, कधी पदरचे पैसे घालून, तुम्ही मुलांना मैदानावर उभं करता हे मी जवळून पाहिलंय. पण मूल पडलं की पहिला हात लागतो तो तुमचा. माझ्याकडे ते दुसऱ्या दिवशी येतं, कधी आठवड्याने, कधी महिन्याने. तोवर बरंच काही ठरून गेलेलं असतं.

म्हणून विनंती आधी सांगतो, कारण नंतर सांगतो. पंधरा-सोळा वर्षांच्या आतल्या मुलाला सांध्याजवळ मार लागला, सूज आली आणि बोटाने दाबल्यावर नेमकं हाडावर दुखत असेल, तर ते मुरगळलेलं नाही असंच धरून चाला. चोळू नका, ओढू नका, झटका देऊन बसवू नका. आहे त्या स्थितीत आधार देऊन बांधा आणि त्याच दिवशी एक्स-रेला पाठवा.

आता कारण. शाळांमध्ये बोलायला जातो तेव्हा मी मुलांना विचारतो, हाड लांब कसं होतं? बहुतेक मुलं हाताने रबर ताणल्यासारखं करून दाखवतात. हाड सगळीकडून सारखं वाढत असणार, असं मोठ्यांनाही वाटतं. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्लंडमधल्या एका पाद्र्याने १७२७ मध्ये छापलेला प्रयोग आपल्या द्राक्षपट्ट्यातल्या माणसाला पटकन कळेल, कारण त्याची सुरुवात द्राक्षाच्या वेलीपासून होते. वेलीची कोवळी फूट नेमकी कुठे वाढते हे पाहायला त्याने तिच्यावर सारख्या अंतरावर लाल ठिपके दिले आणि काही दिवसांनी ठिपक्यांमधलं अंतर मोजलं. मग त्याच्या मनात आलं, हाडाचं काय? त्याने कोंबडीच्या एका वाढत्या पिल्लाच्या पायाच्या हाडावर अर्ध्या इंचाच्या अंतराने दोन बारीक भोकं पाडली. दोन महिन्यांनी हाड इंचभर लांब झालेलं होतं आणि त्या दोन खुणांमधलं अंतर मात्र तेच, अर्धा इंच. मधला दांडा तसूभरही ताणला गेला नव्हता. सगळी वाढ टोकाला झाली होती आणि त्यातही बरीचशी वरच्या टोकाला, हाडाचं डोकं दांड्याला जुळतं तिथे.

याच्या पुढची गोष्ट मला त्याहून आवडते. १७३६ मध्ये लंडनचा शल्यवैद्य जॉन बेल्चर कापडावर छपाई करणाऱ्या एका माणसाकडे जेवायला गेला होता. ताटातल्या डुकराच्या मांसातली हाडं लालभडक होती. चौकशी केल्यावर कळलं की रंगाच्या कामातून उरलेला कोंडा त्या डुकरांना घालत होते आणि तो रंग होता आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातल्या एका मुळीचा. ही मुळी खाऊ घातली की त्या काळात नव्याने तयार होणारं हाड तेवढं रंगतं. म्हणजे हाड कुठे वाढतंय ते जनावराच्या अंगातच रंगवून पाहायची सोय झाली. आपल्याकडे मंजिष्ठ अजूनही काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. ती हातात घेतली की मला दर वेळी ते जेवणाचं ताट आठवतं.

तर हाडाच्या टोकाशी नेमकं असतं काय? दांडा आणि डोकं यांच्या मधे कुर्चेची एक पातळ थाळी असते, काही मिलिमीटर जाडीची. डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात, मी पालकांशी बोलताना वाढीची चकती म्हणतो. नाकाचा शेंडा चिमटीत धरून हलवून पाहा, चकती त्याच जातीच्या मऊ, लवचीक पदार्थाची असते. एक्स-रेमध्ये ती दिसत नाही. तिच्या जागी नुसती काळी फट दिसते आणि नवख्या पालकाला तेच फ्रॅक्चर वाटतं.

सूक्ष्मदर्शकाखाली या चकतीतल्या पेशी नाण्यांच्या चळतींसारख्या रांगेत रचलेल्या दिसतात. चळतीच्या वरच्या टोकाला, म्हणजे सांध्याच्या बाजूला, पेशी एकीच्या दोन होत राहतात. मधल्या टप्प्यात त्या फुगतात, कितीतरी पट मोठ्या होतात, आणि मुलाची उंची मुख्यतः या फुगण्यातून वाढते. तळाशी आलेल्या पेशींच्या भोवती चुना साचतो, दांड्याकडून रक्तवाहिन्या आत शिरतात आणि कुर्चेच्या जागी हाड बांधलं जातं. वरून नवी पेशी, खालून नवं हाड. मूल झोपलेलं असो की वर्गात बसलेलं, हे काम चालू असतं. वरच्या पेशींना रक्त मिळतं ते सांध्याच्या बाजूने. तो पुरवठा तुटला तर चळत वरूनच बंद पडते. आणि मधल्या फुगलेल्या पेशींचा थर हा साऱ्या हाडातला सर्वांत कमजोर थर. मार बसला की भेग बहुतेक वेळा तिथूनच जाते.

सगळ्या चकत्या सारख्या कामाच्या नसतात. पायाची वाढ मुख्यतः गुडघ्याच्या आसपास होते. मांडीच्या हाडाची खालची चकती वर्षाला जवळजवळ १ सेंटिमीटर वाढ देते, नडगीच्या हाडाची वरची साधारण ६ मिलिमीटर. पायाच्या एकूण लांबीतला सुमारे दोन तृतीयांश भाग या दोघींकडून येतो. हातात उलट असतं, कोपराकडे वाढ थोडी आणि खांद्याकडे व मनगटाकडे जास्त. दंडाच्या हाडाची सुमारे ८० टक्के वाढ खांद्याजवळ होते. म्हणून सूर मारताना तळहातावर पडलेल्या मुलाचं मनगट आणि पकडीत अडकलेल्या मुलाचा गुडघा या दोन जागांना मी फार जपतो.

पायाच्या चकत्या मुलींमध्ये साधारण चौदाव्या, मुलांमध्ये सोळाव्या वर्षाच्या आसपास हाडात मिसळून जातात. मागेपुढे वर्ष-दोन वर्षं होतंच. सगळ्यांत उशिरा मिटते ती गळ्याखालच्या हाडाची छातीकडची चकती, पंचविशीच्या सुमारास.

आता मुरगळण्याकडे येतो. मोठ्या माणसाचा घोटा वाकडा पडतो तेव्हा ताण बसतो लिगामेंटवर, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर. ती ताणली जाते, थोडी फाटते, आणि यालाच आपण मुरगळणं म्हणतो. वाढत्या मुलात हीच पट्टी चकतीपेक्षा मजबूत असते. दोर मजबूत आणि खुंटी कच्ची असेल तर ओढ बसल्यावर खुंटीच उपटते, तसं होतं. तोच खेळ, तोच घोटा, तसंच पडणं, पण पंचवीस वर्षांच्या खेळाडूत पट्टी फाटते आणि बारा वर्षांच्या मुलात चकती सरकण्याची शक्यता मोठी. बाहेरून दोन्ही सारखेच सुजलेले दिसतात. तुमच्या लहानपणी तुमच्या वस्तादांनी चोळून बरं केलेला घोटा खरोखर मुरगळलेलाच असेल आणि चोळल्याने आराम पडलाही असेल. त्या अनुभवाला मी खोटं म्हणत नाही. पण चकती सरकली आहे की नाही हे हाताला कळत नाही. माझ्याही हाताला नेहमी कळत नाही.

टोरांटोच्या सॉल्टर आणि हॅरिस या दोन डॉक्टरांनी १९६३ मध्ये या इजांचे पाच प्रकार मांडले, आजही जगभर तेच वापरतात. सगळे प्रकार मी इथे समजावत बसत नाही. सर्वांत जास्त आढळतो तो दुसरा. त्यात चकती सरकताना हाडाचा छोटा तुकडा सोबत घेऊन जाते. वेळेवर हळुवार जागेवर आणली तर तीन-चार आठवड्यांच्या प्लास्टरमध्ये बहुतेक मुलं छान बरी होतात. तिसऱ्या आणि चौथ्यात भेग थेट सांध्यात उतरते, तिथे बहुतेक वेळा शस्त्रक्रिया करून तुकडा काटेकोर बसवावा लागतो. पाचवा सर्वांत फसवा. त्यात चकती चिरडली जाते आणि पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत काहीच दिसत नाही.

दोन मुलांबद्दल सांगतो. ओळख पटेल असं काही सांगणार नाही.

पहिला मुलगा अकरा वर्षांचा, कबड्डीचा. सरावात चढाईवरून परतताना मनगटावर पडला. रात्री मनगट सुजलं. एका जाणत्या माणसाने तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तेल लावून चोळलं, एकदा ओढून 'बसवलं' आणि वरून करकचून पट्टी बांधली. मुलगा माझ्याकडे आला तो तेविसाव्या दिवशी. एक्स-रे प्रकाशाच्या खोक्यावर लावला तेव्हा मनगटाच्या मोठ्या हाडाचं टोक मागच्या बाजूला सरकून तसंच चिकटायला लागलेलं दिसलं. वडील म्हणाले, "आता बसवा की डॉक्टर." मला नाही म्हणावं लागलं. सात ते दहा दिवस उलटून गेल्यावर सरकलेली चकती जोर लावून हलवली तर उरल्यासुरल्या पेशीही चिरडतात. अशा वेळी वाकडं राहू द्यावं आणि वाढ चालू आहे ना, हे पाहत राहावं, हेच शहाणपणाचं. पुष्कळ मुलांत चकतीच पुढच्या एक-दोन वर्षांत वाकडेपण सरळ करून देते, मुलाच्या हाडाची ती मोठी देणगी आहे. या मुलात ते झालं नाही. चकतीच्या एका भागात हाडाचा पूल तयार झाला आणि वाढ थांबली. शेजारचं बारीक हाड मात्र वाढतच होतं. दीड वर्षाने तो आला तेव्हा मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला हाडाचं टोक सुपारीएवढं वर आलं होतं आणि तळहात अंगठ्याच्या बाजूला झुकला होता. टेबलावर दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून तो ते बराच वेळ पाहत बसला. मग त्याने शर्टाची बाही खाली ओढून घेतली. त्याची पुढे शस्त्रक्रिया झाली, हात बऱ्यापैकी सरळ झाला. कबड्डी त्याने सोडली ती सोडलीच.

दुसरी मुलगी खो-खोची. ही चूक माझी आहे. दवाखाना सुरू करून मला दोनच वर्षं झाली होती. मुलगी दहा वर्षांची, उंचावरून उडी मारताना घोट्यावर उतरलेली. एक्स-रे पाहिला, भेग कुठे दिसली नाही. घोट्याच्या आतल्या बाजूला हाडावर बोट दाबलं तर ती कळवळत होती, तरी मी क्रेप बँडेज बांधलं, आठ दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणालो, काही नाही, मुरगळलाय. परत बोलावलं नाही. सव्वा वर्षाने तिची आई तिच्या चपला घेऊन आली. एकाच पायाची चप्पल बाहेरच्या कडेने झिजलेली होती. चकतीची आतली बाजू बंद पडली होती, बाहेरची वाढत होती आणि घोटा आत कलत चालला होता. मी तिला पहिल्याच दिवशी कच्च्या प्लास्टरमध्ये ठेवून सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढला असता, तर चिरडलेली चकती काही नवी मिळाली नसती. पण कल वेळीच दिसला असता आणि पुढचं काम सोपं झालं असतं. तेव्हापासून चकतीजवळ मार लागलेल्या प्रत्येक मुलाला मी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी बोलावतो. निम्मी येत नाहीत, कारण दुखत नसतं. वाढ थांबली तर दुखत नाही, हीच अडचण आहे. इथे मला तुमची मदत हवी. शाळेत मूल तुमच्यासमोर रोज असतं. "डॉक्टरांनी बोलावलं होतं ना, गेलास का?" एवढं तुम्ही विचारलंत की ते येतं.

पालकांच्या एका रागाबद्दलही बोलून घेतो, कारण तो तुमच्यापर्यंत पोचतो. दुखतोय डावा कोपर आणि डॉक्टरने उजव्याचाही एक्स-रे काढायला लावला, पैसे उकळतो, असं म्हणतात. कोपरात सहा जागी वेगवेगळ्या वयात हाड उगवतं, अंदाजे १, ३, ५, ७, ९ आणि ११ व्या वर्षी. त्याआधी तिथे कुर्चा असते आणि ती एक्स-रेत दिसत नाही. सात वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेत दिसणारा सुटा तुकडा त्याच्या वयाचाच आहे की तुटून सरकलाय, हे कधी कधी चांगल्या कोपराशी ताडून पाहिल्यावरच कळतं. कोपराच्या बाहेरच्या बाजूचा तुकडा चुकला तर हात हळूहळू बाहेर वाकतो आणि कित्येक वर्षांनी करंगळीकडची बोटं बधिर व्हायला लागतात. तेव्हा त्या दुसऱ्या एक्स-रेसाठी पालकांना तुम्ही समजावून सांगा.

मार न लागताही चकत्या कुरकुरतात आणि ते थेट तुमच्या सरावाशी जोडलेलं आहे. जिथे स्नायूची दोरी हाडाला चिकटते तिथेही अशीच कोवळी चकती असते. उंची भराभर वाढते त्या वर्षात हाड पुढे धावतं आणि स्नायू मागे राहतो, आणि त्यात रोजच्या उड्या आणि पळणं आलं की ती जागा ओढली जाते. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या माथ्यावर टेंगूळ येऊन दुखणं हे त्यातलंच. १९०३ मध्ये ऑसगूड आणि श्लॅटर या दोघांनी वेगवेगळ्या देशांत त्याचं वर्णन केलं. आठ ते चौदा वयातल्या मुलाची टाच सरावानंतर दुखते आणि ते चवड्यावर चालतं, तेही यातलंच. ही दोन्ही दुखणी विश्रांतीने आणि सराव कमी केल्याने जातात, चकती मिटली की कायमची जातात. यात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त "दुखलं तरी पळ, कणखर होशील" असं त्या मुलाला सांगू नका. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या किंवा लांबून चेंडू फेकणाऱ्या मुलाचा खांदा दुखायला लागला तर मात्र फेकणं तिथेच थांबवा आणि दाखवायला पाठवा. तिथली चकती अशाने खरोखर रुंदावते.

एका दुखण्यात मात्र अजिबात थांबून चालत नाही. दहा ते सोळा वयाचा, अंगाने थोडा जड मुलगा. गुडघा दुखतो म्हणून तक्रार करतो, लंगडतो, पाऊल बाहेर वळवून चालतो. गुडघा पाहावा तर काहीच नाही. अशा मुलाचा खुबा बघावा लागतो. मांडीच्या हाडाचं डोकं चकतीवरून घसरत असतं आणि खुब्याचं दुखणं त्याला गुडघ्यात जाणवतं. आठवडे जातात, कुणी गुडघ्याला तेल लावतं, कुणी वजन कमी कर म्हणून पळायला लावतं, आणि एके दिवशी डोकं पुरतं घसरतं. मग त्याचा रक्तपुरवठाच तुटू शकतो आणि सोळाव्या वर्षी खुबा म्हाताऱ्या माणसासारखा होतो. वेळेत कळलं तर एका स्क्रूने डोकं आहे तिथे थोपवता येतं. असा मुलगा दिसला तर त्याला चालवत पाठवू नका, गाडीत बसवून पाठवा.

उलट, लहान मुलांचे रात्री दोन्ही पाय दुखणं, आईने दाबून दिले की झोपणं, सकाळी उठून धावणं, याला आपण हाड वाढतंय म्हणतो. त्याचा चकत्यांशी संबंध सापडलेला नाही. ते बहुतेक निरुपद्रवी असतं. एकाच पायात दुखत असेल, दिवसाही लंगडत असेल, ताप असेल तर मात्र ते वेगळं.

उंचीबद्दल मला इतक्यांनी विचारलंय की इथेच लिहितो. दांडीला लोंबकळून हाड लांब होत नाही. चकती मिटल्यावर कुठल्याही पावडरीने, गोळीने, आसनाने ते वाढत नाही. चकती उघडी असेपर्यंत मूल वाढतं ते पोटभर जेवणाने, झोपेने आणि उन्हाने. उन्हाच्या देशात राहूनही आपल्या मुलांत ड जीवनसत्त्व कमी पडतं, आणि मुडदूस झालेल्या मुलाच्या एक्स-रेत मनगटाची चकती रुंद होऊन तिची कड कपड्याच्या दशांसारखी विरलेली दिसते. चांगल्या देखरेखीत, बेताच्या वजनाने व्यायाम केल्याने उंची खुंटत नाही, तेव्हा जोर-बैठकांना माझा अजिबात विरोध नाही. विरोध आहे तो सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना चोरून दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांना. चकती मिटवण्याचा हुकूम देणारं संप्रेरक मुलग्यांतही इस्ट्रोजेनच, म्हणजे बायकांचं म्हणून ओळखलं जाणारं संप्रेरकच असतं. १९९४ मध्ये अमेरिकेत २८ वर्षांच्या एका माणसाची नोंद झाली, त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनचा हुकूम ऐकूच येत नव्हता. त्या वयातही त्याच्या चकत्या उघड्या होत्या आणि तो २०४ सेंटिमीटर उंच होता. पोरांना मर्दानी ताकदीचं म्हणून जे टोचतात, त्यातलं बरंचसं शरीरात जाऊन इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. दंड फुगतात आणि त्याच वेळी चकत्या अवेळी मिटतात. तुमच्या तालमीत असं काही चालत असेल तर तुम्हाला ते माझ्याआधी कळतं.

वयाच्या दाखल्यांबद्दल थोडं. १४, १७, १९ वर्षांखालच्या गटांत मोठी मुलं घुसवली जातात हे आपण सगळे जाणतो. हाताच्या एक्स-रेवरून वय काढता येतं असं म्हणतात, पण त्यात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक होऊ शकते हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच जयामाला प्रकरणात मान्य केलं आहे. एक्स-रेवर सगळं सोपवता येणार नाही, दाखला देणाऱ्याची नियतच लागेल. चकत्या मिटत आलेला साठ किलोचा मुलगा उघड्या चकत्यांच्या पस्तीस किलोच्या मुलावर पकड टाकतो, तेव्हा त्या खालच्या गुडघ्याचं काय होतं ते मी पाहिलंय. गुडघ्याजवळची मांडीच्या हाडाची चकती तुटली तर जवळजवळ निम्म्या मुलांत वाढीत काही ना काही बिघाड येतो. आणि दाखला खरा असला तरी तेरा वर्षांच्या दोन मुलांची हाडं दोन-दोन वर्षांच्या अंतरावर असू शकतात. तेव्हा सरावाच्या जोड्या लावताना जन्मतारखेबरोबर अंगही बघा.

त्यासाठी खर्च काही नाही. भिंतीवर टेप चिकटवा आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येक मुलाची उंची एका वहीत लिहा. मुली साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलं चौदाव्याच्या आसपास वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटरने वाढतात. वहीत ही उडी दिसायला लागली की ते वर्ष त्या मुलाच्या चकत्यांचं सर्वांत नाजूक वर्ष. त्या वर्षात उड्या आणि कुस्त्या थोड्या कमी करा, तंत्रावर भर द्या, आठवड्यातून दोन दिवस पूर्ण सुट्टी द्या. तो मुलगा काही दिवस अडखळेल, सूर हुकेल, पकड सुटेल. हातपाय एकाएकी लांब झालेले असतात म्हणून, आळसामुळे नाही.

आणि मैदानावरच्या पेटीत जाड पुठ्ठ्याच्या दोन-तीन पट्ट्या, क्रेप बँडेज आणि एक ओढणी ठेवा. पुठ्ठा मिळाला नाही तर वर्तमानपत्राची जाड घडीही चालते. दुखऱ्या जागेच्या वरचा आणि खालचा सांधा दोन्ही हलणार नाहीत अशी पट्टी बांधा, फार आवळू नका, बोटं उघडी ठेवा. बोटं पांढरी किंवा निळी पडली, बधिर झाली, सरळ करताना मूल किंचाळलं, तर पट्टी तिथेच सैल करा आणि निघा. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून लावा. मुलाला खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यायची वेळ येऊ शकते.

पट्टी बांधायचं लिहून कळत नाही, हातांनी करून पाहावं लागतं. शनिवारी दुपारी माझा दवाखाना बंद असतो. तुमच्यापैकी ज्यांना शिकायचं असेल त्यांनी शाळेत किंवा तालमीत सात-आठ जण जमवा आणि निरोप पाठवा. पुठ्ठा, बँडेज आणि उंची मोजायचा टेप मी घेऊन येतो. एक दहा-बारा वर्षांचा मुलगा तेवढा बसवून ठेवा, म्हणजे कुठे दाबून पाहायचं ते त्याच्याच घोट्यावर आणि मनगटावर दाखवता येईल.

आपला,
एक अस्थिरोगतज्ज्ञ
सांगली जिल्हा